एकेरी कापडाचा आवाज

"एकेरी कापड कापतेस?" आतल्या खोलीतून मास्तरांनी विचारलं.

बाईंची कात्री थांबली. अर्धांगाच्या झटक्याने नवऱ्याचा उजवा हात लुळा पडला, पण कान मेले शाबूत राहिले. शिंपीकाम करताना कापड दुहेरी घालून दोन्ही बाह्या एकदम कापण्यात मास्तरांचा जन्म गेला होता. एकेरी कापडावरचा कात्रीचा हलका आवाज त्यांना भिंतीपलीकडून कळत होता.

"पातळ अस्तर आहे हो," बाईंनी ठोकून दिलं.

उद्या लेकीचं लग्न. "बाबा शेजारी हवेत, बाकी काही नको," एवढंच तिचं मागणं. दुखणं आल्यापासून उंबरठा न ओलांडलेले मास्तर मोठ्या मिनतवारीने कबूल झाले, तेही अट घालून. कोट जुन्याच मापावर शिवायचा. "मला काही झालेलं नाही. अंगाला टेप लावलीस तर मी येणार नाही." आणि हट्टाच्या बाबतीत मास्तरांनी आजवर कुणाची निराशा केली नव्हती.

पण जुन्या मापात उजवा खांदा पडलेला दिसला असता, बाही वर ओढली जाऊन मनगट उघडं पडलं असतं. पाहुण्यांच्या नजरा तिथेच खिळल्या असत्या. म्हणून सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं लावता लावता बाईंनी बोटांनीच माप चोरलं. उजवी बाही दीड बोट लांब, बाही खांद्याला जोडायचा मुंढा जरा पुढे, खांद्यात भरावाची एक जादा पट्टी. उभ्या आयुष्यात त्यांनी काजं-बटणंच केली होती. कोट कापायची ही पहिलीच वेळ.

पाय ओढत मास्तर बाहेर आले. टेबलापाशी थांबले. डाव्या हाताने एक बाही उचलून दुसरीवर ठेवली, वरची टोकं जुळवली. खालची बाही बाहेर डोकावत राहिली.

"माझा तमाशा करायचाय?"

"तमाशा कसला? गिऱ्हाईक आहात तुम्ही," बाईंचाही तोल गेला. "आणि गिऱ्हाईक स्वतःचं माप कधी खरं सांगत नाही, हे मला कुणी शिकवलं?"

मास्तर वळले. आतलं दार धाडकन आपटलं.

झालं! स्वतःच्या जिभेने लेकीच्या लग्नाचा विचका केला, असं बाईंना वाटलं. लेकीला काय तोंड दाखवायचं? रडू आवरत त्यांनी कच्च्या दोऱ्याने बाह्या जोडायला घेतल्या, कारण नुसतं बसवत नव्हतं.

दुसरी बाही जोडून होते तोच दार उघडलं. मास्तर आरशापुढे येऊन उभे राहिले.

"चढव."

बाईंनी आधी त्यांचा उजवा हात बाहीत घातला, मग डावा. मास्तर बराच वेळ आरशात बघत राहिले. डाव्या बाहीखाली शर्टाचा कफ हवा तेवढाच दिसत होता. उजवीकडे थोडा जास्त.

"चुकलीस," ते म्हणाले.

बाईंचा हात टाचण्यांकडे गेला.

"अर्धं बोट अजून सोड. हात आणखी खाली आलाय. तुला बोललो नव्हतो." त्यांनी आरशातूनच बाईंकडे पाहिलं. "आणि आता टेप घे. सकाळी शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ लागतो होय?"