त्याच पत्त्यावरचा माणूस

हिस्केला फक्त एक आकडा हवा होता. सरकार आपला वाटा देईल, तो वजा जाता पाळणाघराचे महिन्याला पदरचे किती जाणार?

"शुक्रवारपर्यंत सांग," ती भावाला म्हणाली, लेकीला, निंकेला, सायकलच्या पुढच्या खुर्चीत बसवलं आणि गेली.

योरिटला वाटलं, हे काय, चहा थंड व्हायच्या आत होईल. तो बहिणीच्या घरी माळ्यावरच्या खोलीत राहायचा. वसंतात त्याचा बोटींचा कारखाना बंद पडला. फळ्या तासायचं काम गेलं तेव्हापासून तो व्हिडिओ बघून प्रोग्रॅमिंग शिकत होता. त्यामुळे घरात पडदा असलेली प्रत्येक वस्तू त्याच्या खात्यात. टीव्ही बिघडला, योरिट. सरकारी अर्ज आला, योरिट.

हिस्के लोकांच्या कानाला ऐकायची यंत्रं बसवायची. आठवड्याचे दोन दिवस. ते दोन्ही आजीचे दिवस होते, निंके आजीकडे. पण आजीला सत्तरीत बेरेंड नावाचा मित्र भेटला, बेरेंडकडे कॅम्पर, म्हणजे आत राहता येईल अशी गाडी, होता आणि दोघं हिवाळ्यासाठी पोर्तुगालला निघाले. नेमकं त्याच आठवड्यात दुकानाच्या मालकाने हिस्केला विचारलं, तीन दिवस येशील का, कायमची. आणि नेमकी त्याच आठवड्यात पाळणाघरात एक जागा रिकामी झाली. ग्रोनिंगेन शहरात अशी जागा सोडली तर पुढची यादी वर्षभराची. मालकाला आणि पाळणाघराला, दोघांनाही शुक्रवारी उत्तर हवं होतं.

योरिटने सरकारी संकेतस्थळावरचं गणकयंत्र उघडलं. बहिणीचा पगार टाकला, तास टाकले, पाळणाघराचा दर टाकला. शेवटचं बटण दाबलं.

मदत: शून्य. पदरचे: महिन्याला दीड हजार युरो.

त्याला वाटलं, एखादं शून्य जास्त पडलं असेल. परत भरलं. शून्य. पगार कमी करून पाहिला. शून्य. जास्त करून पाहिला, तरी शून्य. कमी पगारालाही नाही आणि जास्त पगारालाही नाही, मग ही मदत मिळते तरी कोणाला? बोटीत पाणी कुठून येतंय ते शोधायला एकेक फळी ठोकत जावं लागतं. तसंच त्याने केलं. एका वेळी एकच उत्तर बदलायचं, बाकी हात लावायचा नाही.

शेवटची फळी होती: 'या पत्त्यावर आणखी कोणी प्रौढ व्यक्ती राहते का?' त्याने इमानदारीत 'हो' भरलं होतं. ते 'नाही' केलं.

पदरचे: दोनशे ऐंशी.

हो केलं, दीड हजार. नाही केलं, दोनशे ऐंशी. तो बराच वेळ हो-नाही, हो-नाही करत बसला. पाणी त्याच्यातूनच येत होतं.

मग त्याने मदतीच्या नंबरावर फोन लावला. बाई शांत होती. तिने समजावलं, घरात लहान मूल आहे आणि त्याच पत्त्यावर दुसऱ्या मोठ्या माणसाची नोंद आहे, म्हणजे तो भत्त्यापुरता त्या आईचा जोडीदार.

"पण मी तिचा भाऊ आहे," योरिट म्हणाला.

"हो, भाऊ चालतो."

"चालतो म्हणजे?"

"म्हणजे जोडीदार धरला जातो. तुम्ही काम करता?"

"शोधतोय."

"मग मदत नाही बसणार. दोघं कामावर असतील तरच पाळणाघराची गरज, असं धरतात. कितीही तास चालतील, पण काम हवं. आणि तुमचा पगारही हिशेबात येईल. तुमचा दिवस चांगला जावो."

सगळं कळलं आणि काहीच कळलं नाही. यात गंमत म्हणजे वसंतात तो म्हणाला होता, मी आपला गुपचूप माळ्यावर झोपतो, पत्त्याची नोंदबिंद कशाला. हिस्केनेच ऐकलं नाही. असलं अर्धवट आमच्याकडे चालत नाही म्हणाली, अर्धी सुट्टी टाकून त्याच्याबरोबर पालिकेत गेली, संमतीची सही केली आणि परतताना दोघांनी मासेही खाल्ले. नियमाने वागले, तीच चूक झाली.

हिस्के परत आली तेव्हा त्याने तिला सांगितलं, दोनशे ऐंशी.

खोटं असं नाही. तो घरात नसता तर ते खरंच होतं. आणि त्याने ठरवलं होतं की तो घरात नसेल.

हिस्के एवढी हलकी झाली की निंकेला उचलून गोल फिरली. मालकाला हो कळवलं, पाळणाघराला हो कळवलं. इथे घरोघरी संडासात सगळ्यांच्या वाढदिवसांचं कॅलेंडर लटकतं, त्याच्या कोपऱ्यात तिने पेनाने लिहिलं: २८०. झालं. आता योरिटला दिवसातून जितक्यांदा जावं लागे तितक्यांदा ते दोनशे ऐंशी समोर.

तो खोली शोधायला लागला. पण हे विद्यार्थ्यांचं गाव, त्यात सप्टेंबर, कॉलेजं सुरू व्हायचा महिना. एका घरात खोली कोणाला द्यायची ते तिथली पोरंच ठरवायची; त्यांनी त्याला सोफ्यावर बसवून विचारलं, तुझ्या स्वभावाला कोणतं सूप शोभेल. तिशीतला माणूस, तो म्हणाला वाटाण्याचं. पोरं एकमेकांकडे बघून हसली, खोली दुसऱ्याला गेली. बोटीवर राहणाऱ्या एका ओळखीच्याने सांगितलं, झोप खुशाल, पण माझ्या पत्त्यावर नोंद करू नकोस, माझाही भत्ता आहे. आणि पालिका म्हणे, नाव काढायचं तर नवा पत्ता द्या. म्हणजे कुठेतरी असल्याशिवाय इथे नसताही येत नव्हतं.

पाळणाघर सुरू व्हायला आठवडा राहिला तेव्हा त्याने तोंड उघडलं. हिस्के उकडलेले बटाटे आणि केलची पालेभाजी कुस्करत होती. त्याने फोन, हो-नाही, दोनशे ऐंशी, सगळं सांगून टाकलं.

ती कुस्करायची थांबली. "म्हणजे सरकारच्या लेखी तू माझा नवरा?"

"भत्त्यापुरता."

"नवरा असतास तर निदान भांडी घासली असतीस." ती हसली, आणि मग एकदम हसायची थांबली. "आणि तू मला हो म्हणू दिलंस."

तो म्हणाला की तो जाणारच होता. ती म्हणाली, कुठे? मग त्याला वाटलं, सोपा मार्ग तर समोरच आहे.

"मी सांभाळतो ना निंकेला. घरीच तर असतो. पाळणाघरच नको."

हिस्केने चमचा खाली ठेवला. "आई पण हेच म्हणाली होती, योरिट. मी आहे ना."

पोर्तुगालहून आलेला फोटो फ्रिजवर होता, कॅम्परसमोर आई आणि बेरेंड, दोघं उघड्या पायांनी. उद्या योरिटला कुठे प्रोग्रॅमिंगची नोकरी लागली की तोही असाच उडणार. तिला न उडणारी जागा हवी होती, दार सकाळी उघडणारी.

"मी तुला घालवणार नाही," ती म्हणाली. "पण मी कसं भरू ते तू सांग. आकडा तूच दिलास."

बाहेर हवेला गोड, जड वास होता. इथे साखर बीटपासून करतात; त्याचा हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याचा हा वास गावभर पसरतो. ताको, बोटींच्या कारखान्यातला जुना सोबती, तिथे लागला होता आणि योरिटला दोनदा बोलावून थकला होता. योरिट दोन्ही वेळा म्हणाला होता, बीट धुवायला मी एवढं शिकतोय का. वास नको म्हणून तो माळ्याची खिडकी लावून बसायचा.

त्याने ताकोला फोन केला. ताको म्हणाला, आलास का रे साहेब जमिनीवर, सोमवारी सकाळच्या पाळीला ये, बूट स्वतःचे आण.

मग दोघं परत गणकयंत्रापुढे बसली. योरिटचा अंदाजे पगार टाकायचा होता. किती महिन्यांचा? बीट संपेपर्यंत. बीट कधी संपतात? पावसावर आहे. त्यांनी काहीतरी टाकलं. यंत्र म्हणालं, तीनशे चाळीस. खाली बारीक अक्षरात: हा अंदाज आहे, यावर हक्क सांगता येणार नाही.

"आणि बीट संपल्यावर?" हिस्केने विचारलं.

"मदत परत शून्य. नाहीतर दुसरं काम. मला नक्की कळलेलं नाही."

"मलाही नाही," ती म्हणाली, आणि कॅलेंडरवरचे दोनशे ऐंशी खोडून तीनशे चाळीस लिहून आली. पुढे प्रश्नचिन्ह.

निंकेचा पाळणाघरातला पहिला दिवस संपला तेव्हा तिला आणायला योरिट गेला, कारखान्यातून थेट, बुटाला माती, जॅकेटला तो गोड वास. निंकेने त्याच्या गळ्यात तोंड खुपसून वास घेतला आणि जॅकेटची कॉलर चाटून पाहिली. दारात पाळणाघरात नवी कामाला लागलेली मुलगी कोण कोणाला नेतं ते लिहून घेत होती. तिने विचारलं, तुम्ही बाबा का?

योरिटने निंकेला कडेवर नीट घेतलं.

"मी त्याच पत्त्यावर राहतो," तो म्हणाला.