रिकाम्या हेल्मेटमधला आवाज

हेल्मेटच्या डाव्या कडेला, कानाच्या थोडं खाली, मुगाच्या डाळीएवढा एक दिवा होता. तो थोड्या थोड्या वेळानं निळा लुकलुके. माहितीपुस्तिकेनुसार त्याचा अर्थ ‘जोडलेलं आहे’ असा होता. कशाशी जोडलेलं आहे ते दिवा सांगत नव्हता, आणि आमची सगळी अडचण तिथंच होती.

“मी अख्ख्या गावाचे फोन जोडले,” आई म्हणाली, “आणि ही तीन कार्टी एकमेकांशी बोलेनात.”

तीन कार्टी म्हणजे तिचा फोन, हेल्मेटमध्ये कानांशी बसवलेला हेडसेट आणि मोटारसायकलच्या हँडलवर लावायचं नवं जीपीएस. निवृत्त होईपर्यंत आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. मोटारसायकल बाबांची. ते गेल्यावर ती विकायची असं आम्ही ठरवलं होतं. म्हणजे मी ठरवलं होतं. गिऱ्हाईक यायच्या आत आईनं चालवायला शिकून परवाना काढला आणि मला फोटो पाठवला. त्यात ती हसत नव्हती, त्यामुळे मला जास्त काळजी वाटली होती.

मी खरं तर जीपीएससाठी आले नव्हते. नवऱ्याची बदली झाली होती आणि महिनाअखेरीला आम्ही नव्या शहरात राहायला जाणार होतो. तिथलं घर बघतानाच आईसाठी एक खोली धरली होती: पूर्वेची खिडकी, लागून बाथरूम, जिना नाही. सामानाच्या ट्रकनं वाटेत आईच्या दारात थांबायचं की नाही, एवढंच तिनं सांगायचं होतं. दोन वर्षं ती ‘बघू’ म्हणत होती. फोनवर बघू, भेटल्यावर बघू. आता तिनं नवी टूम काढली होती. आठवडाभर एकटी मोटारसायकलवर फिरून येते, मग सांगते. तेव्हा जीपीएस लवकर सुरू होण्यात माझाही स्वार्थ होताच.

“नीट सांग,” मी म्हटलं. “काय ऐकू येतं आणि काय येत नाही?”

“फोन आला की ऐकू येतो. गाणी ऐकू येतात. रस्ता सांगणारी बाई मात्र तोंड शिवून बसलीय. सकाळी पुलापर्यंत गेले, तरी हूं का चूं नाही. वैतागून तिथंच बंद करून टाकलं ते यंत्र आणि परत आले.”

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही तिथली सवय. मी जीपीएस हँडलवरून काढून आत आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवून चार्जिंगला लावलं आणि तिन्ही यंत्रांमधल्या जुन्या जोडण्या एकेक करून पुसल्या. चूक लगेच सापडली. दुकानदारानं हेडसेट थेट फोनला जोडला होता. त्यामुळे फोनचा आवाज कानात येई आणि जीपीएस दाराबाहेर उभं राही. हेडसेट आधी जीपीएसला जोडायचा, मग फोनही जीपीएसलाच. म्हणजे सगळे आवाज एकाच वाटेनं कानात येतात.

“म्हणजे मधे ऑपरेटर बसवायची,” आई म्हणाली. “मग असं सांग ना सरळ.”

तिनं हेल्मेट घातलं आणि मी आवाजाच्या चाचणीचं बटण दाबलं. आईचे डोळे मोठे झाले.

“बोलली! काय गोड आवाज आहे गं. आमच्याकडे असती तर साहेबांनी तिला कायम दिवसपाळी दिली असती.”

मग मी माझ्या फोनवरून तिला फोन लावला. शेजारी पडलेला तिचा फोन गप्पच राहिला. आई मात्र दचकली.

“अगं, हा कानातच वाजतोय. आणि फोन मुका झाला की!”

“तसंच हवं. हेल्मेट उतरवलंस की आठवणीनं हेडसेट बंद करायचा, नाहीतर सगळं त्यातच वाजत राहील.”

“हो बाई, कळलं.” तिनं हेल्मेट काढून सोफ्यावर उलटं ठेवलं. कढईसारखं ते डुलत राहिलं. निळा दिवा लुकलुकत होता.

उरलेल्या सेटिंग्ज मी भराभर पाहिल्या. एका जागी ‘घर’ असं लिहिलेलं होतं आणि पुढचा पत्ता रिकामा होता.

“इथं आपल्या नव्या घराचा पत्ता घालू?”

“राहू दे ते सध्या.”

त्याच्याखाली ‘अपघात झाल्यास कळवा’ असं होतं, आणि ते चालू होतं. मोठा दणका बसला तर यंत्र आपणहून एका नंबरला संदेश पाठवतं. “हे कुणी केलं?”

“मीच, दुकानात. त्यानं एक नंबर मागितला, मी दिला.”

“हे बरं केलंस,” मी म्हटलं आणि पुढचं पान उघडलं नाही. एकच नंबर मागितला असेल तर तो माझाच असणार, यात तपासण्यासारखं काय होतं?

टेबल आवरताना आईच्या मनगटाला चार्जिंगची वायर अडकली. जीपीएस घसरलं आणि दाणकन फरशीवर आपटलं.

“मेलं!”

मी उचलून उजेडात धरलं. काचेला साधा ओरखडाही नव्हता. आईनं ते टॉवेलनं पुसलं. “दणकट आहे. माझ्यावर गेलंय.” तिनं ते त्याच्या कापडी पिशवीत सरकवलं, नाडी ओढली आणि आम्ही स्वयंपाकघरात गेलो. चहा झाला. मग ती मटार सोलायला बसली आणि मी पडद्यांचा विषय काढला.

“खोलीला पडदे कुठल्या रंगाचे घेऊ?”

“तुला आवडतील ते घे.”

“म्हणजे येतेस?”

“मी पडद्यांचं बोलतेय.”

“आई, ट्रकवाल्याला उद्या सांगायचंय.”

“बघू.”

“बघू बघू करत दोन वर्षं गेली. इथं एकटीला काही झालं तर कोण आहे तुला?”

ती शेंग सोलायची थांबली. काहीतरी बोलेल असं वाटलं. पण तिनं मान वळवून बाहेरच्या खोलीकडे कान दिला. “डास शिरलाय वाटतं. ऐक. गुणगुणतोय.”

मलाही ऐकू आलं. बारीक आवाज थांबून थांबून येत होता. मी उठून खिडकी लावून आले. आवाज थांबला, मग पुन्हा सुरू झाला. मी चिकाटीचा डास म्हणून सोडून दिला. आम्ही नव्या शहरातल्या दवाखान्यांबद्दल बोललो, म्हणजे मी बोलले. मटाराचा अर्धा ढीग संपला असेल, तेव्हा दार वाजलं. कुणीतरी दोन्ही तळहातांनी दार बडवत होतं. बेल हाताशीच होती.

मी दार उघडलं. रस्त्याच्या टोकाला चष्म्याचं दुकान आहे, त्याचे मालक उभे होते. शाळेत असताना माझा पहिला चष्मा त्यांनीच करून दिला होता. छातीपर्यंत भिजलेले, एका पायात बूट, दुसऱ्यात चिखलानं भरलेला मोजा. आणि डोळ्यांवर चष्मा नव्हता. त्यांना चष्म्याशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. चेहरा अर्धवट पुसल्यासारखा दिसत होता.

“कोण? मुलगी का?” ते माझ्या खांद्याच्या थोडं बाजूला बघत म्हणाले. “मुलगी आलीय ना?”

“मीच आहे, काका. काय झालं?”

“बस आधी. बाळ, तू खाली बस.” त्यांनी चाचपडून चौकट धरली. “तुझी आई… पुलावर… गाडी पडली तिची. मी उतरलो खाली. पाण्यात बघितलं, हाका मारल्या. काही दिसत नाही गं मला, चष्मा गेला वाहून. माझा फोन भिजलाय. तुझ्या फोनवरून माणसं बोलव. लवकर बोलव.”

माझ्या पाठीमागे, भिंतीपलीकडे, आई मटार सोलत होती. हे मला पक्कं माहीत होतं. शेंग मोडल्याचा आवाजसुद्धा मी दार उघडताना ऐकला होता. तरीही एक क्षण माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला. पुलाखालचं ते तपकिरी पाणी मला दिसलं. आपण इतका वेळ कुणाशी बोलत होतो, असा वेडा प्रश्नही मनात येऊन गेला.

मोटारसायकल त्यांच्या मागेच उभी होती. तिला धरून धरूनच ते दारापर्यंत आले असावेत. सीटवर ओल्या पंजाचा ठसा होता.

“कोण आलंय गं?” म्हणत आई बाहेर आली.

हातातलं भांडं सुटलं. मटाराचे दाणे खोलीभर उधळले.

“अरे! अरे, हे काय करून घेतलंस तू?”

ते आवाजाच्या दिशेनं वळले. मग जिथं होते तिथंच, उंबरठ्यावर, हळूहळू खाली बसले.

“पुन्हा बोल,” ते म्हणाले.

“काय बोलू?”

“काहीही. बोल फक्त.”

“वेड्या, मी घरात आहे. केव्हाची घरातच आहे. मटार सोलतेय.”

माझ्या वडिलांना आई शेवटच्या दिवसापर्यंत ‘अहो’ म्हणाली. ‘अरे’ आणि ‘वेड्या’ मी ऐकलं होतं ते फक्त मांजराला आणि सुरू न होणाऱ्या मोटारसायकलला. मी दाराशी उभी राहिले. पायाखाली मटाराचे दाणे चिरडत होते आणि मला बाजूलाही होता येत नव्हतं.

काहीतरी करायचं म्हणून मी जीपीएस पिशवीतून काढलं. पडद्यावर लिहिलं होतं: ‘संदेश पाठवला.’ पडल्यावर यंत्रानं रीतसर विचारलं होतं, तुम्ही ठीक आहात का? नसेल ठीक तर गप्प राहा, असेल तर बटण दाबा. मिनिटभर वाट पाहिली होती. पण तो प्रश्न गेला होता सोफ्यावरच्या रिकाम्या हेल्मेटमध्ये. मीच तर सगळे आवाज तिकडे वळवले होते. मग त्यानं संदेश पाठवला, आणि घराच्या छपराखाली उपग्रह सापडत नसल्यानं ठिकाण शेवटचं माहीत असलेलं दिलं. ते पुलाचं होतं. आईच्या फोनवर एकाच माणसाचे अकरा फोन येऊन गेले होते. नाव होतं ‘भिंग’. तो डास.

“भिंग?” मी विचारलं.

“प्रत्येक गोष्ट फार जवळून बघतो,” आई म्हणाली. तिनं त्यांना खुर्चीवर बसवून खांद्यांवर टॉवेल टाकला होता. मग तिनं टेबलाचा खण ओढला. कात्री, टॉर्च, मेणबत्त्या अशा रोजच्या वस्तूंतून एक चष्मा काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. तो त्यांचाच होता. शोधावा लागला नाही.

तो लावून त्यांनी आधी आईकडे बघितलं, बराच वेळ. मग माझ्याकडे बघितलं आणि घाबरले.

“ताई, मी… म्हणजे आम्ही तुम्हाला सांगणारच होतो.” मघाशी मी बाळ होते. चष्मा लावल्यावर ताई झाले.

“सफरीला तुम्हीही जाणार होतात?”

“हा?” आई म्हणाली. “याला मोटारसायकल नुसती बघूनच घेरी येते.”

“मी बसनं येणार होतो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “पुढच्या मुक्कामाला.”

इतर कधी मी हसले असते. पण माझ्या डोक्यात ‘अपघात झाल्यास कळवा’ ही एकच ओळ अडकली होती. “आई, तिथं माझा नंबर का नाही?”

तिनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही, म्हणजे ते तिच्याजवळ तयार असावं. “तू चारशे किलोमीटरवर असतेस. तुला कळून तू काय करणार होतीस?”

“मला कळलं तरी असतं!”

“हो. तुला कळलं असतं. आणि हा पाण्यात उतरला.”

“पाणी फार नव्हतं,” ते घाईघाईनं म्हणाले. “छातीच्या वर कुठंच नव्हतं. म्हणजे मी गेलो तिथपर्यंत तरी.”

“पण तुला पोहता कधीपासून येतं?” आईनं सहज विचारलं.

ते टॉवेलच्या काठाचे दोरे ओढू लागले. “येत नाही.”

आईचा हात त्यांच्या खांद्यावर होता तो तिथंच थांबला. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मघाशी दारात माझं जे झालं होतं, ते तिचं आता होत होतं. चष्मा नसलेला, पोहता न येणारा माणूस छातीभर पाण्यात तिचं नाव घेत फिरत होता, आणि तेव्हा आम्ही इथं पडद्यांचा रंग ठरवत होतो. सोफ्यावर निळा दिवा लुकलुकत होता. मी जाऊन हेडसेट बंद केला.

वळले तेव्हा आई माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ‘बघू’ म्हणेल. खरं तर मला ते हवं होतं.

“ट्रकवाल्याला सांग,” ती म्हणाली. आवाज एक्स्चेंजमधला होता, एकही अक्षर कुणाला दोनदा विचारावं लागू नये असा. “त्याला म्हणावं, इथं थांबू नकोस. मी तुमच्याकडे राहायला येत नाही. मी याच्याशी लग्न करणार आहे, आणि आम्ही दोघं इथं राहणार आहोत.”