बालकरनची ललकारी

अलाहाबादच्या हायकोर्टात बालकरनचं अपील अडतीस वर्षांनी सुनावणीला लागलं, आणि ज्याच्या साक्षीवर त्याला जन्मठेप झाली होती तो खेलावनच त्याला बसमध्ये घालून घेऊन निघाला. गावात कुणाला याचं नवल वाटलं नाही. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. बालकरन सहासष्ट वर्षांचा, एका डोळ्यात मोतीबिंदू, मुलगा कामासाठी सुरतेला. म्हातारा एकटा कसा जाणार?

खेलावन मात्र एक गोष्ट मनात घोकत निघाला होता. त्याला खरं सांगायचं होतं.

खरं होतं ते एवढंच. हरभऱ्यात म्हैस शिरली म्हणून हरिहर आणि सूरत या भावांनी खेलावनच्या चुलतभावाला, जोखूला, लाठ्यांनी मारलं. बावीस वर्षांचा खेलावन दातात कडुनिंबाची काडी धरून बांधावर उभा होता. त्या दोघांचा तिसरा भाऊ बालकरन धावत आला आणि हात जोडून ओरडू लागला, "सोडा रे, मरेल तो, सोडा!" कुणी सोडलं नाही. खेलावननं पोचून जोखूचं डोकं मांडीवर घेतलं, आणि तिथंच त्याचा जीव गेला.

पोलीस ठाण्याच्या फाटकाशी फिर्यादी लिहून देणारे एक मुंशीजी बसत. त्यांचा हात बसलेला होता. वैऱ्याच्या घरातला एकही पुरुष मोकळा ठेवायचा नाही, कारण जो मोकळा राहतो तोच पुढे जामिनासाठी आणि वकिलासाठी धावतो. ज्याच्या हातात लाठी, त्याच्या नावावर लाठी लिहायची. ज्याच्या हातात काहीच नाही, त्याच्या नावावर ललकारी. मुंशीजींच्या फिर्यादी वाचल्या तर त्या जिल्ह्यात प्रत्येक खुनाच्या वेळी एक रिकाम्या हाताचा माणूस मागे उभा राहून 'मारा, सोडू नका' म्हणून गळा फाडत असे.

"तिसरा काय करत होता?" मुंशीजींनी विचारलं होतं.

"ओरडत होता, पण..."

"ओरडत होता ना? झालं तर मग. पण-बिण कोर्टात चालत नाही बेटा."

खेलावनच्या अंगात तेव्हा राग मावत नव्हता. मारणाऱ्यांचाच भाऊ तोही, जाऊ दे आत, असं त्याला वाटलं. बालकरन 'मारा, सोडू नका' म्हणून ओरडत होता, असंच त्यानं कोर्टात घडाघडा सांगितलं. सगळ्यांचा इरादा एक असला की मारणारा आणि ओरडणारा कायद्याला सारखेच. तिघांनाही जन्मठेप झाली, तिघांनी अपील केलं, तिघं जामिनावर घरी आले. मग हायकोर्ट त्यांना विसरलं. हरिहर काविळीनं गेला, सूरत दारूनं. मेलेल्यांची अपिलं आपोआप मिटली, आणि जोखूच्या खुनाला जबाबदार असा जगात एकच माणूस उरला, जो नको म्हणत होता.

मधल्या काळात खेलावनच्या बायकोला साप चावला. तिला खाटेवर घालून चार कोस पळवलं, तेव्हा पुढचा खांदा बालकरनचा होता. बायको वाचली. त्या दिवसापासून खेलावनला त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. माफी मात्र त्यानं कधी मागितली नाही. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, तरी जीभ रेटत नव्हती.

ती आता बालकरनच्या वकिलाच्या खोलीत रेटली. वकीलसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं, पान तोंडात सारलं आणि म्हणाले, "फार उशीर केलात काका. अपिलात साक्षीदार बोलत नसतो, त्याचा कागद बोलतो. आणि आता तुम्ही तोंड उघडलंत तर म्हणतील, म्हाताऱ्याला फोडला."

"मग यांचं कसं व्हायचं?"

"सोपं आहे. तुम्ही तिथं नव्हतातच, असं मी सांगणार."

"मी होतो!" खेलावन ताडकन उठला. "माझ्या मांडीवर जीव गेला त्याचा!"

बालकरननं त्याचा सदरा ओढून त्याला खाली बसवलं. "बस रे. घडीभर नव्हतास म्हटलं तर काय तुझं धोतर सुटतंय?"

दुसऱ्या दिवशी कोर्टात मागच्या बाकावर दोघं शेजारी बसले. खोटारडा ठरू दे मला, अशी खेलावननं आयुष्यात पहिल्यांदा देवाला प्रार्थना केली. वकीलसाहेबांनी त्याला सोलून काढलं. हा माणूस मागून उभा केलेला साक्षीदार, भाऊ मरताना हा मध्ये का पडला नाही, चाळीस पावलांवरून याला ऐकू तरी काय येणार? प्रत्येक वाक्याला खेलावन मान डोलवत होता.

जजसाहेबांनी तिथल्या तिथे निकाल सांगायला घेतला. साक्षीदार गावचा, त्या वेळी त्या जागी असणं अगदी स्वाभाविक. दातातल्या काडीपासून मांडीवरच्या डोक्यापर्यंत बारीकसारीक गोष्टी जो इतक्या सरळपणे सांगतो, तो एवढी एकच गोष्ट खोटी का सांगेल? उलटतपासणीत तो तसूभरही हलला नाही. अपील फेटाळलं. आरोपीनं शिक्षा भोगायला महिन्याच्या आत हजर व्हावं.

खेलावन जागेवरून उठला आणि "हुजूर" म्हणाला. शिपायानं त्याला खांद्याला धरून बाहेर आणलं.

परतीच्या बसमध्ये बालकरननं सातूच्या पिठाचा गोळा मोडून अर्धा त्याच्या हातावर ठेवला. खेलावननं तो तसाच धरून ठेवला. तो हुंदके देऊ लागला. "मला माफ कर भैया."

"खा आधी," बालकरन म्हणाला. "जजनं माणूस बरोबर ओळखला. तुला खोटं बोलायची सवय नाही. एकदाच बोललास, म्हणून तर पचलं."

हजर होण्याच्या दिवशी बालकरनचा मुलगा सुरतेहून पोचला नव्हता. जिल्हा कोर्टातल्या बाबूनं फाइल उघडली. आतला फोटो अठ्ठावीस वर्षांच्या, काळ्याभोर मिशांच्या माणसाचा होता. बाबूनं समोरच्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"हा तोच कशावरून? ओळखणारं आहे का कुणी?"

खेलावन पुढे झाला.

"मी ओळखतो."

बाबूनं कागद त्याच्याकडे सरकवून 'साक्षीदार' लिहिलेल्या जागी बोट ठेवलं. खेलावननं पेन उचललं, पण त्याला ते कागदावर टेकवेना. बालकरन त्याच्या कोपराला हाताचा आधार देत म्हणाला, "नीट कर रे सही. तुझ्यावर या लोकांचा भारी विश्वास आहे."