उजव्या अंगाची इंजिनं

सातव्या फ्रेमसाठी भोक पाडून झालं आणि दौलतने ड्रिल बंद केलं. शिडीवरूनच त्याने आधी लावलेल्या सहा फ्रेमा पाहिल्या, मग हातातली सातवी, मग पुन्हा त्या सहा.

"काका, लेव्हल गेली का?" खालून डिझायनर ममताने विचारलं.

"लेव्हल ठीक आहे," म्हणत तो फ्रेम घेऊन खाली उतरला.

अल मजाजमधलं अक्रमशेठचं हे चौथं कॅफे गुरुवारी उघडणार होतं. नाव 'टिंबर'. शारजात जंगल नसल्याने ते आत आणलं होतं. टेबलं लाकडाच्या रंगाची, डाव्या भिंतीवर प्लास्टिकच्या वेली आणि उजव्या भिंतीवर शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन जंगलातले बारा फोटो. ओंडके ओढणारी, गिअरवर चालणारी वाफेची इंजिनं. चाकांलगत लांबच लांब दांडा, त्यावर दातेरी चाकं, आणि पुढ्यात कुऱ्हाडी घेऊन उभी असलेली, फोटोवर फारसा विश्वास नसलेली माणसं. बाराही इंजिनं दारापासून आत, टोकाच्या गल्ल्याच्या दिशेने निघाली होती. ती अक्रमशेठची अट होती. बरकत आत यावी, बाहेर जाऊ नये.

दौलत तीन दिवस ट्रायलवर होता. रास अल खैमातल्या एका सिमेंट कारखान्यात त्याने चोवीस वर्षं गिअरबॉक्स जुळवले. मग कारखान्याने एक भट्टी बंद केली आणि तिच्यासोबत बत्तीस माणसं. व्हिसा रद्द झाल्यावर देश सोडायला जी मुदत मिळते, तिचे एकोणीस दिवस उरले होते. दापोलीत बायकोने, आशाने, शेजाऱ्यांना 'सुट्टीवर येतायत' असं सांगून ठेवलं होतं, कारण लेकीच्या नर्सिंगचं अजून दीड वर्ष बाकी होतं. अक्रमशेठ खेडचा, म्हणजे जवळपास घरचाच. त्याला चारही कॅफेंसाठी मेन्टेनन्सचा माणूस हवा होता. बजावलं त्याने एकच होतं. आधीचा फार बोलायचा, म्हणून काढला.

"ममता, हे फोटो उलटे आहेत."

"काका, चाकं खालीच आहेत की."

"तसे नाही. आरशात बघितल्यासारखे. ह्या जातीच्या इंजिनाला सिलिंडर एकाच अंगाला असतात, उजव्या. दांडापण तिकडेच. इथे सगळं डावीकडे आलंय."

"हाउ डू यू ईव्हन नो दॅट?"

"शुक्रवारी रूमवर सगळे क्रिकेट बघायचे," दौलत जरा ओशाळून म्हणाला. "मी मोबाइलवर हे बघायचो."

ममताने आवाज खाली आणला. "फ्लिप केलेत. ओरिजिनलमध्ये सगळी दाराकडे जात होती, शेठ नको म्हणाले. मग इंजिनांवरचे नंबर उलटे दिसायला लागले. ते पुसण्यात माझे दोन दिवस गेले. काका, प्लीज, लावून टाका."

तेवढ्यात दोन मोबाइल आणि एक चावी सांभाळत अक्रमशेठ आत आला.

"यल्ला, चल चल, दौलत! बाराही लागले ना?"

दौलतने सातवी फ्रेम छातीशी धरली होती. गप्प बसायचं तर हीच वेळ होती, हे त्याला कळत होतं. पण चोवीस वर्षांत त्याने एकही गिअर उलटा बसवला नव्हता, आणि हात काही वर जाईना.

"शेठ, फोटो उलटे छापलेत."

"मीच सांगितलं. शारजात कोणाला कळतंय?"

"मला कळलं."

"तू गिऱ्हाईक आहेस?"

"नाही. पण कोट बघा ह्यांचे. सगळ्यांची बटणं बायकांसारखी."

अक्रमशेठने फोटो पाहिला, मग मान खाली घालून स्वतःच्या शर्टाची बटणं पाहिली. त्याचा चेहरा उतरला.

"मग काय, सुलटे करून इंजिनं दाराकडे सोडू? गल्ला घेऊन जातील ना, बाबा!"

"सुलटे करायचे आणि समोरच्या भिंतीवर लावायचे. तिथे ती आपोआप गल्ल्याकडे जातात. वेली इकडे आणू. वेलींना काय, डावं-उजवं नसतं."

अक्रमशेठ डाव्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याने उजवा हात लांब केला. हात गल्ल्याकडे गेला. शेजारी उभं राहून ममतानेही हात लांब केला. दोघं बराच वेळ वाहतूक पोलिसांसारखे उभे होते.

"दोन महिने!" अक्रमशेठ म्हणाला. "दोन महिने ह्या भिंतींपुढे मीटिंगा चालल्यात. आणि तू, तीन दिवस इथे आहेस, आज बोलतोस?"

"तुम्हीच म्हणाला होतात, बोलायचं नाही."

अक्रमशेठने चावी खिशात टाकली. "खलास," तो म्हणाला आणि मोबाइल कानाला लावून बाहेर गेला.

दौलतने सहाही फ्रेमा उतरवून भिंतीला टेकवल्या. ड्रिलची बिटं पुसून आकाराप्रमाणे डबीत लावली. एकोणिसातून आजचा दिवस वजा करायचा की नाही, याचा विचार तो करत असताना अक्रमशेठ दारातूनच ओरडला.

"ममता, प्रिंट परत काढायला दे. आणि ह्याचा एक फोटो काढून मला पाठव. पासपोर्टची कॉपी पण. मागे भिंत पांढरी पाहिजे."

पांढरी भिंत कॅफेत एकच उरली होती, वॉशरूमजवळची. दौलत तिच्यापुढे ताठ उभा राहिला. ममताने मोबाइल उचलला, खाली घेतला, पुन्हा उचलला.

"काका, दात झाका. व्हिसाच्या फोटोला हसू चालत नाही."

"मी कुठे हसतोय?" दौलत म्हणाला.

चौथा फोटोही तिला डिलीट करावा लागला.