निबंधात नदी नाही

डोकं फिरलंय माझं, आधीच सांगते. एकेचाळीस पोरांचे निबंध, विषय 'माझ्या गावचं पाणी', आणि चाळीस गावांजवळून एकच नदी खळखळ वाहतेय! अहो, कुठली नदी? निम्म्या पोरांच्या गावात मार्चपासून टँकर येतो.

नदी आली शिवशंकर सरांच्या वहीतून. सर आमचे विभागप्रमुख. अठरा वर्षं तीच वही वर्गात सांगतात, पोरं उतरून घेतात आणि परीक्षेत ओकतात. तपासताना सर वाचत नाहीत, वितीनं मोजतात. दोन वीत भरली की वीसपैकी सोळा.

मी उज्वला. उदगीरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जूनमध्ये पुन्हा बोलावणं येईल की नाही ते सरांच्या मर्जीवर. 'वाचन, लेखन, विचार' हा नवा पेपर माझ्या गळ्यात पडला, कारण दुसऱ्या कुणाला नको होता; निबंध तपासायचे मात्र विभागप्रमुख म्हणून सरांनीच. मी पोरांना एकच सवय लावायला बघितली. वर्तमानपत्र वाचा, ग्रामपंचायतीची नोटीस वाचा, जाहिरात वाचा, पण समासात दोन प्रश्न लिहा: कोण म्हणतं? कशावरून? मग स्वतःचं लिहा. पोरं हसायची. एकट्या अयोध्यानं मनावर घेतलं.

अयोध्या जळकोटकडच्या खेड्यातली. तिनं लिहिलं होतं, 'आमच्या गावाला नदी नाही. नळयोजनेच्या फलकावर काम पूर्ण असं लिहिलंय. मी सात घरी विचारलं, एकाही नळाला पाणी आलेलं नाही. मग पूर्ण असं कोण म्हणतं?'

सरांनी तिला तीन मार्क दिले. खाली लाल शेरा: निबंधात नदी नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच स्टाफरूममध्ये शिरले. "सर, गावाला नदीच न्हाई, तर पोरीनं आणायची कुठून?"

"मॅडम, निबंध हाय, पंचनामा न्हाई," सर म्हणाले. "आन् ते फलकाचं काय काढलंय तिनं? उद्या दुपारपर्यंत नदीचा निबंध आणू द्या, सोळा देतो. न्हाईतर नापास." मग हसून म्हणाले, "जूनचं बी बघायचंय ना आपल्याला?"

अयोध्याच्या आप्पांनी तिला बजावून ठेवलं होतं, एकदा जरी नापास झालीस तरी कॉलेज बंद. हे मला ठाऊक होतं. आणि एवढी तोंडाळ बाई मी, उलट्या पावली बाहेर आले. व्हरांड्यात तिला गाठलं आणि म्हणाले, "लिही बाई नदी. आधी पास हो."

"मॅडम, तुमी म्हणताव हे?"

"हाव, मीच म्हणते."

दुसऱ्या दिवशी तिनं निबंध आणून दिला. सुंदर अक्षर, दोन वीत भरून. नदी खळखळ वाहत होती. आणि तिच्या शेजारी समासात, फिकट पेन्सिलीनं: कोण म्हणतं? कशावरून?

"हे कशाला लिवलंस?" मी खेकसले.

"सवय लागलीय, मॅडम. पेन्सिलीनंच लिवलंय. तुमाला खोडता यावं म्हणून."

तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. माझा जून सरांच्या हातात आहे हे साऱ्या कॉलेजला ठाऊक; एकोणीस वर्षांची पोर माझी नोकरी सांभाळत होती! लाज वाटली मला, आणि संताप आला. सरांचा थोडा, माझाच जास्त. पर्समधून पेन काढला आणि तिच्यासमोर ते दोन्ही प्रश्न शाईनं गिरवले. मग तिचा पहिला निबंध वर ठेवला, नदीचा खाली, आणि स्टाफरूम गाठली.

सरांची मार्कांची यादी तयार होती. अयोध्याच्या नावापुढं सोळा पडले होते, कागद बघायच्या आधीच.

"करा सही," सर म्हणाले. "पाचला यादी पाठवायचीय. पेपर तुमचा, तुमच्या सहीवाचून जात न्हाई."

मी पेनाला टोपण लावलं आणि वरचा निबंध त्यांच्यापुढं सरकवला.

"आधी वाचा, सर. वितीनं न्हाई, तोंडानं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मॅडम, जून..."

"खड्ड्यात गेला तुमचा जून!"

स्टाफरूममधल्या साऱ्या माना वळल्या. घड्याळात चार चाळीस झाले होते. सरांनी घड्याळाकडं बघितलं, माझ्या बंद पेनाकडं बघितलं, मग चष्मा चढवला आणि घसा खाकरून वाचायला लागले.

"आमच्या गावाला नदी नाही."