माझी डावी बाजू पुसली गेली तेव्हा

मित्रांनो, आज मी आपणांसमोर माझे जीवनचरित्र कथन करणार आहे. त्यात प्रथम माझा जन्म, तदनंतर माझी सेवा आणि अखेरीस माझा अपमान येईल. ‘मागितलेले मिळाले’ आणि ‘काम पूर्ण झाले’ या दोहोंत काय भेद आहे, हेही मी विशद करीन; कारण तो न उमजल्यामुळे एका वृद्ध गृहस्थाचे प्राण कंठाशी आले. ही कहाणी गोड नाही आणि मी कोणाची भीड ठेवणार नाही.

मी एक जुना पांढरा फळा आहे. एका कारखान्यात पत्र्यावर चकचकीत मुलामा चढवून मला घडवण्यात आले. तेथून मी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका छोट्या कचेरीत आलो. खिडकीसमोरच्या भिंतीवर मला टांगले आणि मधोमध एक उभी काळी पट्टी चिकटवून माझे दोन भाग केले.

उजवा भाग गिऱ्हाइकाचा. हाती घेतलेल्या कामात त्याला नेमके काय हवे, ते त्याच्याशी बोलून तेथे लिहीत. त्यांना ‘स्वीकाराच्या अटी’ म्हणत. काम बदलले की अटी बदलत. डावा भाग मात्र कचेरीचा स्वतःचा होता. त्यावर ‘पूर्णत्वाची व्याख्या’ असे शीर्षक होते व खाली चार नियम होते: दुसऱ्याने कोड वाचला, तपासणी झाली, जुन्या फोनवर चालवून पाहिले, बिघडल्यास आधीच्या चालत्या स्थितीत परतता येते. काम कोणाचेही असो, हे चार नियम पाळल्याखेरीज ‘झालं’ हा शब्द उच्चारायचा नाही, अशी शिस्त होती. पाहुणे माझी स्तुती करीत. मला गर्व होता, हे मी नाकारीत नाही.

पुढे नवे साहेब आले. या गृहस्थांविषयी माझ्या मनात यत्किंचितही आदर नाही. त्यांना घाई फार. सारी कचेरी त्यांना पाठीमागे ‘झालंसाहेब’ म्हणे, कारण खुर्चीत बसण्याआधीच ते विचारत, “झालं का?”

त्या सुमारास एका डायलिसिस केंद्राचे काम आले. रुग्णांना आपली वेळ घरबसल्या फोनवरून बदलता यावी, असे ते काम होते. कचेरीतल्या तपासनीस बाईंचे मामा त्याच केंद्रात जात. त्यांच्याच ओळखीने हे काम मिळाले होते. मामांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. यंत्रावरची एक पाळी जरी चुकली तरी त्यांच्या अंगात पाणी साचे.

उजवीकडे इतर कामांच्या अटींमुळे जागा पुरेना, म्हणून साहेबांनी डस्टर उचलले आणि माझी डावी बाजू पुसून काढली.

“अहो, ते कशाला पुसताय?” तपासनीस बाई ओरडल्या.

“सगळ्यांना पाठ आहे ते. आता प्रत्येक कामाखालीच लिहू. एकाच ठिकाणी सगळं.”

अशा रीतीने केंद्राच्या तीन अटींखाली कचेरीचे चार नियम एकाच शाईने, एकाच रांगेत उतरले. घात झाला तो येथेच.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या संचालिका आल्या आणि माझ्यापुढे उभ्या राहून वाचू लागल्या.

“रुग्णाला नवी वेळ निवडता येते, बरोबर. जुनी वेळ मोकळी होते, बरोबर. केंद्राला निरोप येतो, बरोबर. आणि हे जुन्या फोनचं काय? मी कधी मागितलं?”

“तुम्ही नाही मागितलं. ते आमचं असतं,” तपासनीस बाई म्हणाल्या.

“त्याला वेळ किती जाणार?”

“आठवडा तरी.”

“मग काढा ते! मला सोमवारी हवंय.”

“काढतो ना,” म्हणून साहेब हसत तपासनीस बाईंकडे वळले. “ताई, गिऱ्हाइकाला नको ते त्याच्या गळ्यात कशाला मारायचं?”

“साहेब, बाही केवढी, खिसे किती, हे गिऱ्हाईक शिंप्याला सांगतं. सदऱ्यातल्या टाचण्या काढून द्या, हे कोणी सांगतं का?”

“झालं, आता शिवणक्लास सुरू!”

सारे हसले. साहेबांनी ती ओळ तळहाताने पुसली. तो तळहात घामट होता.

सोमवारी तिन्ही अटींपुढे बरोबरच्या खुणा झाल्या आणि काम रुग्णांच्या हाती गेले. परंतु जुन्या, लहान पडद्याच्या फोनवर ‘नक्की करा’ हे बटण खालच्या कडेआड दडत असे. नवी वेळ निवडताच जुनी सुटे. बटण न दाबल्यामुळे नवी मात्र मिळत नसे. मामांचा फोन जुनाच होता. त्यांनी वेळ निवडली आणि समाधानाने फोन उशाशी ठेवला.

त्यानंतर एके सकाळी तपासनीस बाईंना मामींचा फोन आला. आवाज एवढा मोठा की मलाही ऐकू आला.

“अगं, यांचं नावच नाही म्हणतायत! सगळी यंत्रं लागलीत. यांना धाप लागलीय गं, ये लवकर!”

बाई तशाच धावल्या. मामांना दूरच्या मोठ्या रुग्णालयात न्यावे लागले. दुसऱ्या दिवशी बाई कचेरीत आल्या, तेव्हा साहेब माझ्याकडे बोट दाखवून सर्वांना समजावत होते.

“तिन्ही अटींवर खुणा आहेत. केंद्राच्या संचालिकांनी स्वतः बघून घेतलंय. आपल्यावर काही येत नाही.”

“मामा कसे आहेत, ते तरी विचारा आधी.”

“हां... कसे आहेत?”

“आयसीयूत.”

बाई माझ्यासमोर आल्या.

“खुणा खऱ्या आहेत. संचालिकांनी मागितलं ते त्यांना मिळालं. पण काम झालं, असं कोण म्हणालं? आपण! ते कधी म्हणायचं, हे त्यांना विचारायचंच नव्हतं. त्यांनी आपल्यावर विश्वास टाकला होता, आणि आपण आपलंच काम त्यांच्यापुढे घासाघिशीला ठेवलं.”

मग त्यांनी खोक्यांवर पत्ते घालायचा जाड मार्कर उचलला आणि माझ्या डाव्या बाजूवर ते चार नियम पुन्हा लिहिले.

“अहो, काय करताय! तो मार्कर पुसला जात नाही!” साहेब ओरडले.

“म्हणूनच,” बाई म्हणाल्या.

मित्रांनो, मामा वाचले. पण ते आता त्या फोनला हात लावत नाहीत. मामी केंद्रात जातात आणि नाव लिहिलेले डोळ्यांनी पाहूनच परततात. मी खराब झालो असे जाहीर करून साहेबांनी नवा फळा आणवला आणि मला जिन्यात ठेवले. ते येताजाता मान फिरवतात. तपासनीस बाई मात्र, कोणी “झालं” म्हणाले की त्याला हाताला धरून खाली आणतात आणि म्हणतात, “वाच. मोठ्याने.”

माझी कळकळीची विनंती एवढीच. दुसऱ्याने काय मागावे, हे त्याला ठरवू द्या. परंतु आपले काम कधी पूर्ण झाले, हे ठरवण्याचा भार त्याच्यावर टाकू नका. त्याला ते ठाऊक नसते, आणि भोगावे मात्र त्यालाच लागते.

येथवर वाचल्याबद्दल मी आपणा सर्वांचा अत्यंत आभारी आहे.

आपला,
जिन्यातला पांढरा फळा