अकराव्या महिन्याचा दिवस

एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली. शेवटचा थांबा आला की बस रिकामी झालीच पाहिजे, मग आत सासरा बसलेला असला तरी. तोच नेम मी माझ्या भाडेकरूंना लावला आणि स्वतःला मोठा शहाणा समजत राहिलो.

रिटायर झाल्यावर सेनगावात घरालगत दोन खोल्या बांधल्या. तेव्हा आमच्या तांड्यावरच्या हिरासिंगनं बजावलं, "अकरा महिन्याच्या वर भाडेकरू ठिवू नको, खोली त्याचीच होऊन जाती. एक दिवस समदं सामान भाईर काढाय लाव. दुसऱ्या दिवशी घे परत." आमच्याकडं बरेच मालक असंच करतात. मीही करू लागलो. दर अकराव्या महिन्याला सामान अंगणात, खोलीला माझं कुलूप आणि दुसऱ्या दिवशी नवा स्टॅम्प पेपर.

गाद्या भरणारे चाँद पाशा आणि त्यांची बायको नजमुन्निसा सहा वर्षं माझ्याकडं राहिले. त्या दिवशी आपलं सामान बाहेर मांडून चाँद पाशा हसायचे, "लो कंडक्टर साब, गाडी खाली!" माझी बायको जिवनबाई त्यांना जेवू घालायची. भांडण असं कधी झालंच नाही.

यंदा संक्रांतीनंतर चाँद पाशांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. करार संपला तो भर मे महिन्यात.

"मोहनभाऊ," नजमुन्निसा भाभी दारात येऊन म्हणाल्या, "सामान समदं काढती मी. पन यांना तेवढं आत ऱ्हाऊ द्या. ऊन लई हाय."

"माणूस आत राहिला तर खोली खाली कशी म्हणायची, भाभी? कायदा हाय."

"बिमार माणसाला सूट नसंल का कायद्यात?"

"न्हाई." कायद्याचं एक पानही मी कधी उघडलं नव्हतं, पण बोललो असा ठणकावून की जणू मीच तो लिहिला.

"मंग आपल्या वसरीत तरी आणा त्यांना," जिवनबाई चिडून म्हणाली.

"वसरी बी त्याच घर नंबरात येती," मी म्हणालो. अक्कल गहाण टाकली की माणूस असा बारीक विचार करतो.

खाट लिंबाखाली ठेवली. सावली सरकायची, तशी भाभी एकट्याच खाट ओढायच्या. मी वसरीतून बघत होतो आणि उठलो नाही. याची मला आजही लाज वाटते. चार वाजता मी आपल्या मनानंच कुलूप काढलं, तोवर चाँद पाशांचं अंग तव्यासारखं तापलं होतं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी ते गेले.

चाळिसावा दिवस झाल्यावर भाभीच्या नावानं नवा करार करायला मी हिंगोलीला रामकिशन वकिलाकडं गेलो. यंदा एक दिवस खोली पुरी खाली झाली नाही, चार वाजताच कुलूप काढलं, हेही भीत भीत सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"सामान बाहेर काढायचं कुठं लिहिलंय? मुदत संपली की नवा करार करायचा आणि नोंदवायचा. नोंदणी मालकाची जबाबदारी असते. तुम्ही एकदा तरी केली?"

"न्हाई."

"मग एवढ्या वर्षांचे तुमचे कागद कच्चेच. माणूस उन्हात ठेवून ते पक्के होत नाहीत."

गावी आलो आणि तसाच भाभीसमोर उभा राहिलो. खोटं बोलायची सोयच उरली नव्हती. "भाभी, कायद्यात तसलं काहीच नव्हतं. चूक माझी हाय. मी इचारलंच न्हाई कुनाला."

भाभी कापूस निवडत होत्या. हात थांबले.

"खाट उचलताना ते रडून राहिले व्हते," त्या म्हणाल्या. "मी समजावलं, सरकारचा हुकूम हाय, भाऊ बिचारा काय करंल. तवा मान हलवली त्यांनी. मरेस्तोर तुमच्यावर राग धरला न्हाई, भाऊ. माझ्या शब्दावर."